कार्बन फोर्कची रोड बाइक आणि पुढचं कॅरिअर: एका सायकलची हकीकत

मित्र सायकल घेऊन आला तेव्हा पुढचं कॅरिअर तिच्यावर आधीच चढलेलं होतं. “वाजतंय थोडं, घट्ट करून दे,” एवढंच त्याचं मागणं. आठ दिवसांची, साधारण ६०० किलोमीटरची सफर सव्वा महिन्यावर आली होती. मी पाना हातात घेतला आणि पाचच मिनिटांत खाली ठेवला.

सायकल दहाएक वर्षं जुनी. मधल्या मापाची अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, कार्बन फायबरचा फोर्क (पुढचं चाक धरणारा दोन पायांचा चिमटा), रिम ब्रेक, ७०० × २५ चे, म्हणजे २५ मिमी रुंद, टायर. पुढच्या चाकाला फक्त २० आरे आणि तेही हबपासून रिमपर्यंत सरळ गेलेले, एकमेकांना न ओलांडणारे. रविवारी सकाळी दोन तास पळवायला मस्त सायकल. सामान लादण्याचा विचार ती बनवणाऱ्याच्या डोक्यात कधीच आला नसणार.

मग सामान मागे का नाही लावलं? लावून पाहिलं होतं. मागे कॅरिअरसाठी भोकं आहेत, पण पेडलच्या आसापासून मागच्या आसापर्यंतची नळी, म्हणजे चेनस्टे, फक्त ४१० मिमी. टूरिंगच्या सायकलींना ती बहुधा ४४० ते ४६० असते. मित्राचा बूट ४४ नंबरचा. प्रत्येक फेऱ्याला टाच पिशवीला लागायची. पिशवी मागे सरकवली तर टाच सुटते, पण वजन मागच्या आसाच्याही मागे जातं आणि चढावर पुढचं चाक हलकं होऊन हँडल भरकटतं. त्याने तेही करून पाहिलं आणि वैतागून सगळं पुढे आणलं. त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. आखूड चेनस्टेच्या सायकलला सामान पुढे, आणि तेही आसाच्या उंचीवर खाली, हा चांगला मार्ग आहे. फक्त फोर्कला विचारायचं राहून गेलं होतं.

क्लिपखाली काय दिसलं

फोर्कला बोल्टची भोकं नाहीत, म्हणून त्याने पायांवर रबर लावलेल्या पी-क्लिप, म्हणजे नळीभोवती आवळायच्या पट्ट्या, आवळल्या होत्या. खाली जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला होता, म्हणजे काळजी घेतलीच होती. उजव्या पायावर क्लिपच्या वरच्या कडेला धुळीची एक बारीक रेघ होती आणि क्लिप तिच्यापासून ६ मिमी खाली उतरलेली. फोर्कचा पाय खाली निमुळता होत जातो. क्लिप जरा घसरली की तिथला घेर लहान, म्हणून आणखी ढिली, म्हणून आणखी घसरते. मग माणूस ती अजून आवळतो. वाजण्याचं कारण हे होतं, आणि त्यावरचा त्याचा उपाय म्हणजेच खरा घोटाळा होता.

क्लिप सोडली. लॅकरवर नखाच्या आकाराचा मळकट पांढरा चंद्र उमटला होता. डाव्या पायावरही तसाच, थोडा फिकट. नाण्याने ठोकत गेलो. चांगल्या कार्बनचा आवाज टणक येतो, थर सुटले असतील तर बसका. उजवीकडे चंद्रापाशी आवाज किंचित बसका वाटला. ‘वाटला’ असंच म्हणतो, कारण या चाचणीवर मी पैज लावणार नाही.

कार्बनचे धागे लांबीच्या दिशेने ओढायला जबरदस्त ताकदवान असतात. बाहेरून एका अरुंद पट्टीत आवळलं की मात्र सगळा भार थरांमधल्या रेझिनवर, म्हणजे त्यांना चिकटवणाऱ्या डिंकावर, येतो, आणि ते त्यासाठी नसतं. त्यात प्रत्येक खड्ड्याला सामानाचा झटका त्याच पट्टीवर बसतो. स्टील वाकतं, कुरकुरतं, इशारा देतं. कार्बन बहुतेक वेळा गप्प असतो आणि मग एकदम जातो. मागे काही तुटलं तर माणूस घसरत थांबतो. पुढचा फोर्क तुटला तर थेट तोंडावर.

“म्हणजे फोर्क बाद?” त्याने विचारलं. माझ्या मते बाद. पुढे कॅरिअर लावायचं की नाही हा प्रश्न वेगळा, पण हा फोर्क आता रिकाम्या सायकललाही नको. त्याला हे पटायला दोन दिवस लागले. दिसायला तो अगदी धडधाकट होता ना.

चार वाटा

मी आधी सामानाचं वजन केलं. १४ किलो. ते सगळं जमिनीवर पसरून एकेक वस्तू उचलत गेलो तेव्हा अडीच किलो कुठलंही दुःख न होता कमी झालं. ११.५ किलो राहिलं. कॅरिअरच्या कुठल्याही चर्चेआधी हे करावं. फुकटात होतं आणि ब्रेकपासून गुडघ्यापर्यंत सगळ्यांना कळतं.

पहिली वाट कॅरिअरच नको, अशी. सीटमागे लांब पिशवी, फ्रेमच्या त्रिकोणात एक, हँडलला एक. खरं सांगायचं तर रोड बाइकवाल्या दहातल्या सात जणांना मी हेच सांगेन. याच्याकडे पॅनिअर, म्हणजे कॅरिअरच्या बाजूला अडकवायच्या पिशव्या, आधीच होते, मुक्कामाला पोचल्यावर एका झटक्यात काढून नेता येतील असंच सामान त्याला हवं होतं आणि तंबू फ्रेमच्या पिशवीत मावत नव्हता. दुसरी वाट एकचाकी ट्रेलरची. ती त्याने ऐकूनच घेतली नाही.

तिसरी वाट विचार करण्यासारखी होती. काही कॅरिअर आसावर बसतात. चाकाचा क्विक रिलीजचा, म्हणजे खटक्याने उघडणारा, दांडा बदलून लांब दांडा घालायचा आणि कॅरिअरचा पाय त्यावर टेकवायचा. सरळ खाली येणारं वजन आस घेतो, वरचा आधार कॅरिअरला पुढेमागे झुलू देत नाही. ओल्ड मॅन माउंटन ही कंपनी अशा आसावर बसणाऱ्या कॅरिअरसाठी ओळखली जाते. पण वरचा आधार शेवटी फोर्कच्या पायांवर किंवा ब्रेकच्या बोल्टवरच येतो, आणि आमच्या फोर्कच्या पायांवर आता माझा विश्वास उरला नव्हता. फोर्क नवाकोरा असता तरी बनवणाऱ्याची लेखी परवानगी असल्याशिवाय मी हे केलं नसतं. आजकाल काही कार्बन फोर्कना पायांवर तीन-तीन भोकं येतात, त्यांच्यावरही मर्यादा लिहिलेली असते, बऱ्याचदा एका बाजूला ३ किलोच्या आसपास. ती बाटलीच्या मोठ्या पिंजऱ्यासाठी असतात. दोन्ही बाजूंना जोडलेल्या, झटके देणाऱ्या कॅरिअरसाठी ती आहेतच असं धरून चालू नये.

उरला स्टीलचा फोर्क, खाली आसापाशी आणि मधोमध पायावर आटे पाडलेली भोकं असलेला. वजन साधारण १ किलो, म्हणजे कार्बनच्या दुप्पट. फोर्क तसाही बदलायचाच होता, त्यामुळे या अर्ध्या किलोवर कोणी रडलं नाही.

फोर्क निवडताना केलेली मापं

इथे घाई केली असती तर फसलो असतो. टूरिंगचे स्टील फोर्क बहुतेक रुंद टायर आणि मडगार्ड धरून केलेले असतात, म्हणून उंच असतात. आसापासून फोर्कच्या खांद्यापर्यंतचं माप जुन्या फोर्कचं ३७२ मिमी भरलं. सहज मिळणारा टूरिंग फोर्क ३९२ मिमीचा होता. २० मिमीने काय होतं? या सायकलच्या दोन आसांमधलं अंतर सुमारे ९८५ मिमी. पुढचं टोक २० मिमी वर गेलं की सगळी फ्रेम १ अंशाहून थोडी जास्त मागे कलते. हेडट्यूबचा, म्हणजे फोर्क ज्या पुढच्या नळीत फिरतो तिचा, कोन ७३ वरून ७२ च्याही खाली, पेडलचा आस ८ मिमी वर, सीट मागे. ब्रेक तर रिमपर्यंत पोचणारच नाही. सायकल चालते, पण ती मग वेगळीच सायकल असते.

त्यात ट्रेलचा हिशेब. स्टीअररची, म्हणजे हेडट्यूबमध्ये जाणाऱ्या फोर्कच्या दांड्याची, रेघ सरळ जमिनीपर्यंत वाढवली तर ती टायर जिथे टेकतो त्याच्या पुढे टेकते. या दोन जागांमधलं अंतर म्हणजे ट्रेल. ते जास्त असेल तर सायकल सरळ जायचा हट्ट धरते, पण पुढे वजन लादल्यावर कमी वेगात हँडल एका बाजूला पडायला लागतं. टूरिंगवाल्यांचा एक गट म्हणूनच पुढे सामान असेल तर कमी ट्रेल पसंत करतो. जुन्या फोर्कवर कोन ७३, आस पुढे काढलेला ४३ मिमी, टायर २५ चा. ट्रेल येतो सुमारे ५८ मिमी.

शोधता शोधता ३८० मिमीचा एक स्टील फोर्क सापडला, आस ५० मिमी पुढे काढलेला. उंची ८ मिमीने वाढली, म्हणजे कोन जेमतेम अर्ध्या अंशाने उतरला. २८ चा टायर धरून ट्रेल ५४ ते ५५ मिमी. जुन्यापेक्षा थोडा कमी, म्हणजे हव्या त्या दिशेला. बोनस म्हणजे पुढचा आस पेडलपासून जवळजवळ १० मिमी लांब गेला. या सायकलवर हळू वळताना बुटाचं टोक टायरला लागायचं, ते कमी झालं. पूर्ण गेलं नाही.

फ्रेममध्ये बसेल की नाही हे वेगळं पाहावं लागतं. याची हेडट्यूब सरळ, स्टीअरर २८.६ मिमीचा, त्यामुळे अडचण नव्हती. खाली रुंद होत जाणारी हेडट्यूब असती तर सरळ स्टीअररसाठी वेगळी रेस, म्हणजे बेअरिंगखालची कडी, लागली असती.

बसवताना

पुढचं चाक बदललं. ३२ आरे, प्रत्येक आरा तिघांना ओलांडून गेलेला. यावर चर्चा झालीच नाही.

ब्रेकवर मात्र एक संध्याकाळ गेली. जुना कॅलिपर, म्हणजे रिमला चिमटणारा ब्रेक, ३९ ते ४९ मिमी पोच असलेला, नवीन फोर्कला ४७ ते ५७ वाला लागला. तो बसवला, मागून नट अ‍ॅलन कीने घट्ट आवळला, कॅलिपर हलवून पाहिला तर डुगडुगत होता. पुन्हा आवळला, पुन्हा तेच. बाहेर काढल्यावर कळलं: मी जुन्या फोर्कचा लांब नट वापरला होता. कार्बन फोर्कचा माथा जाड असतो, त्याला लांब नट लागतो. स्टीलचा माथा पातळ, त्यामुळे नट कॅलिपरच्या बोल्टवरचे आटे संपेपर्यंत जाऊन तिथेच टेकत होता आणि फोर्कला आवळतच नव्हता. हाताला घट्ट लागत होतं ते खोटं घट्ट. नवीन ब्रेकच्या डबीत आखूड नट होताच. तो बसवला, आणि आट्यांचे किमान सहा फेरे आत जातात ना, हे मोजलं.

कॅरिअर खालचं घेतलं, ज्याला लो-रायडर म्हणतात. ट्यूबसचं टारा हे या जातीतलं नावाजलेलं मॉडेल, त्याची मर्यादा १५ किलो. दोन्ही बाजू चाकावरून जाणाऱ्या कमानीने जोडलेल्या असतात, त्यामुळे कॅरिअर डावीउजवीकडे लचकत नाही. आम्ही त्याच रचनेचं घेतलं आणि दोन्ही मिळून ८ किलोच्या वर जायचं नाही असं ठरवलं. कॅरिअर १५ पेलेल हो, पण सायकलचं बाकीचं अंग रोड बाइकचंच आहे.

चार एम-५ बोल्ट, वायसर, निळा थ्रेडलॉकर (बोल्ट ढिला होऊ न देणारा डिंक). मधल्या भोकाचे आटे फोर्कच्या पायातून आरपार जातात. बोल्ट जरा लांब असेल तर त्याचं टोक आतून आऱ्यांकडे डोकावतं. एका बाजूला माझं ४ मिमी बाहेर आलं होतं आणि आऱ्याला जेमतेम बोटभर जागा उरली होती. कानशीने घासून सपाट केलं. दुसरी गोष्ट क्विक रिलीजच्या खटक्याची. कॅरिअरचा पाय आडवा येऊन खटका अर्ध्यातच थांबत होता. ‘बंद झालाय’ असं वाटतं, पण पूर्ण उलटलेला नसतो. तो मागच्या बाजूला वळवला, मग तळव्यावर वळ उठेल इतक्या जोराने नीट बंद झाला.

डुगडुग

पहिली फेरी सामानासह, सपाट रस्त्यावर. वीसपर्यंत सायकल शहाण्यासारखी चालली. एक उतार आला, वेग चाळिशीच्या जवळ गेला, मित्राने नाक पुसायला एक हात सोडला आणि हँडल थरथरू लागलं. आधी बारीक, मग सगळी सायकल कमरेतून हलावी तसं. नशीब, त्याला मी आधीच सांगून ठेवलं होतं: घाबरून हँडल करकचून धरायचं नाही, दोन्ही गुडघे दांडीला चिकटवायचे, हळूहळू वेग उतरवायचा. थरथर थांबली. तो परतला तेव्हा चेहरा पांढरा.

साहजिकच आम्ही सामानाला दोष दिला. पिशव्या झुलत्या काट्यावर तोलल्या: एक ४.६ किलो, दुसरी ३.१. “मापात भरल्या होत्या,” असं म्हणत होता, डोळ्यांनी मापात. दोन्ही ३.८ च्या आसपास आणल्या, जड वस्तू तळाला, कॅरिअरच्या बाजूला. खालचे हुक सैल होते, ते नळीवर घट्ट बसतील असे सरकवले. दुसरी फेरी. थरथर कमी, पण होतीच. टायरमधली हवा बदलून पाहिली. तिसरी फेरी, तेच.

मग मी ती गोष्ट केली जी पहिल्या दिवशी करायला हवी होती. पिशव्या काढल्या, पुढचा ब्रेक दाबून धरला, दुसऱ्या हाताची बोटं हेडट्यूब आणि फोर्कच्या सांध्यावर ठेवली आणि सायकल पुढेमागे ढकलली. बोटांना बारीक ‘टक्’ लागलं. हेडसेट, म्हणजे फोर्क ज्या बेअरिंगवर फिरतो ते, ढिला. वरच्या टोपीचा बोल्ट आवळला, तो आवळलेलाच होता. टोपी उघडली तेव्हा चूक समोर आली, आणि ती माझी होती.

स्टीअरर कापताना मी तो स्टेमच्या, म्हणजे हँडल धरणाऱ्या तुकड्याच्या, वरच्या कडेपेक्षा जेमतेम १ मिमी खाली ठेवला होता. तो ३ मिमी तरी खाली हवा, कारण टोपीने स्टेमला खाली दाबायचं असतं, त्या दाबानेच हेडसेटमधला ढिलेपणा जातो. माझ्या कापात टोपी स्टेमला दाबण्याआधी स्टीअररच्या तोंडावरच टेकत होती. बोल्ट घट्ट, हेडसेट ढिला. ब्रेकच्या नटापाशी जे झालं तेच, दुसऱ्या टोकाला. दोनदा तोच धडा मिळूनही मी पिशव्या तोलत बसलो होतो.

५ मिमीची एक चकती स्टेमवर घातली, टोपी आवळली, ‘टक्’ गेलं. चौथ्या फेरीत त्याच उतारावर, त्याच वेगाला, एक हात सोडून: काही नाही. मी मग एक पिशवी मुद्दाम अर्ध्या किलोने जड करून पाठवलं. सायकल किंचित ओढत होती, थरथरली नाही. रिकाम्या सायकलवर हा ढिलेपणा कदाचित महिनोन्‌महिने कळलाच नसता. पुढे आठ किलो टांगले की तो पहिल्याच उतारावर बाहेर येतो.

चाकांखाली वजनकाटा

निघायच्या आदल्या आठवड्यात आम्ही एक साधी गोष्ट केली. घरातला वजनकाटा एका चाकाखाली, तेवढ्याच जाडीची फळी दुसऱ्या चाकाखाली, मित्र सीटवर, हात हँडलवर, मी खांद्याला धरून. नंतर काटा दुसऱ्या चाकाखाली. सामानाशिवाय पुढे ३५ किलो, मागे ४८. पुढे साडेसात आणि सीटमागच्या पिशवीत चार किलो भरल्यावर पुढे ४२, मागे ५२. म्हणजे पुढचा वाटा ४२ टक्क्यांवरून ४५ वर गेला, बस्स. एवढं कॅरिअर लावूनही! माणसाचं वजन किती मोठं असतं ते इथे कळतं. सामान खाली असल्यामुळे मात्र तोल इतका बदलत नाही जितका हँडलवर तेवढंच वजन टांगल्यावर बदलतो. पुढच्या टायरमध्ये ७५ पीएसआय आणि मागे ८५ ठेवलं.

सफरीत

पहिल्या दिवशी ५० किलोमीटरनंतर चारपैकी दोन बोल्ट पाव फेरा फिरले, नंतर एकही नाही. ब्रेक हा कच्चा दुवा राहिला. लांब हातांचा कॅलिपर जास्त लवतो, लिव्हर थोडी मऊ लागते, आणि ओलं झालं की थांबायचं अंतर चांगलंच वाढतं. पुढे वजन असल्याने चढावर पुढचं चाक हलकं व्हायची भीती उरली नाही, ती एक जमेची बाजू. उभं राहून चढताना हँडल जड लागतं. दोन दिवसांत सवय झाली म्हणतो. सायकल भिंतीला टेकवली की पुढचं चाक वळून सगळं लवंडायचं. त्यासाठी त्याने पुढच्या ब्रेकच्या लिव्हरवर जाड रबर बँड चढवायला सुरुवात केली आणि प्रश्न मिटला. टाच कशालाही लागली नाही.

जुना फोर्क माझ्याकडेच राहिला होता. कोणी चुकून वापरू नये म्हणून तो कापायचा होता. मास्क लावला, पाणी टाकत करवतीने क्लिपच्या खुणेवर दोन्ही पाय आडवे कापले. डावा पाय आतून स्वच्छ, तिथे फक्त लॅकरच दुखावलं होतं. उजव्या पायाच्या कापलेल्या कडेवर, चंद्राच्या बरोबर खाली, बाहेरचे थर सुटले होते. फटीत नख जात होतं. मित्राला तुकडा दिला. त्याने नख घालून पाहिलं, बराच वेळ बोलला नाही, मग म्हणाला, “आणि मी तुला घट्ट करायला सांगत होतो.”